साठवायची प्रत आणि दाखवायची प्रत

(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला अर्धा तास दिला आहे आणि विषय दिला आहे तो असा : ‘सोसायटीच्या सर्व्हरवरचं व्हिडिओ ट्रान्सकोडिंग : हार्डवेअरने की सॉफ्टवेअरने?’ फलकावर हे नाव वाचून दोघा-तिघांनी मला लिफ्टमध्ये विचारलं, ‘काका, हे आमच्यासाठी आहे की मुलांसाठी?’ सगळ्यांसाठी आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत आपल्याला हात वर करून एक निर्णय घ्यायचा आहे, आणि तो असा आहे की एकदा घेतला की मागे फिरता येणार नाही. म्हणून थोडं ऐकून घ्या. चहा भाषणानंतरच आहे, हेही आत्ताच सांगून ठेवतो.

प्रश्न काय आहे? ऑफिसातलं लोखंडी कपाट या वर्षी रिकामं करायला घेतलं, तेव्हा व्हीएचएसच्या ६० कॅसेट, मिनी डीव्हीच्या ४० छोट्या कॅसेट आणि एक पिशवी भरून सीडी-डीव्हीडी निघाल्या. आपला पहिला गणपती त्यात आहे. कोजागिरी आहे, हळदीकुंकू आहे, आज नोकरीला लागलेल्या मुलांची फॅन्सी ड्रेस स्पर्धा आहे. टँकरच्या दिवसांत आपल्या पहिल्या अध्यक्षांनी जिन्यात उभं राहून केलेलं भाषण आहे. ते आज आपल्यात नाहीत, पण त्यांचा आवाज त्या कॅसेटमध्ये आहे. एका कॅसेटमध्ये गच्चीवरून घेतलेला जुना मुंबई-पुणे रस्ता आहे. मेट्रोचा एकही खांब नाही, हॅरिस पुलाकडे पाहिलं तर मोकळं आकाश दिसतं. १ ऑगस्ट २०२३ ला दापोडी स्टेशनात मेट्रो थांबू लागली. आता तसं दृश्य कुणालाच परत घेता येणार नाही.

कार्यकारिणीत दोन मतं आहेत. एक मत असं, की सगळं बाहेर द्यावं, झटपट छोट्या फाइली करून घ्याव्यात, प्रत्येक सभासदाला एक पेन ड्राइव्ह द्यावा आणि कॅसेट भंगारात काढून कपाट मोकळं करावं. दुसरं मत असं, की काम आपल्याच छोट्या सर्व्हरवर करावं, वेळ लागला तरी चालेल, आणि मूळ काही टाकू नये. माझं मत दुसरं आहे. ते मी जुन्या आठवणींच्या प्रेमापोटी सांगत नाही. त्यामागे हिशेब आहे, आणि तोच आज मांडतो.

बँकेतला माणूस आधी आकडा मांडतो. आपल्या टीव्हीचं फुल एचडी चित्र म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके. गुणाकार केला तर एका चित्रात २०,७३,६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याला सरासरी दीड बाइट धरला तर एक चित्र ३१ लाख बाइटचं. सेकंदाला अशी २५ चित्रं. म्हणजे सेकंदाला साधारण ७८ एमबी आणि तासाला २८० जीबी! एका तासाचा हळदीकुंकवाचा कार्यक्रम असा ठेवायचा म्हटलं तर कपाटाऐवजी गोदाम लागेल. पण तुमच्या मोबाइलमध्ये तोच तास चार-आठ जीबीत बसतो. मग बाकीचं जातं कुठे?

ते लिहिलंच जात नाही. हळदीकुंकवाच्या चित्रीकरणात मागची भिंत, पडदा, खुर्च्या हलत नाहीत. हलतात त्या चार-सहा बायका. म्हणून यंत्र पहिलं चित्र पूर्ण लिहितं आणि पुढच्या चित्रांसाठी फक्त फरक लिहितं : हा तुकडा थोडा उजवीकडे सरकला, तो तुकडा तिथेच राहिला. चित्राचे छोटे चौकोनी तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकडा आधीच्या चित्रात कुठे होता ते शोधायचं. या शोधण्यातच सगळी मेहनत आहे. शोध जितका बारकाईने घ्याल, तितकी कमी जागेत चांगली फाइल. उरकून टाकलात, तर फाइल मोठी होते, नाहीतर चित्र पुसट होतं.

या लिहिण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. कोडेक ही एक प्रकारची लिपीच. डीव्हीडीची लिपी एमपेग-२. २००३ मध्ये एच.२६४ आली आणि ती आज जवळपास प्रत्येक टीव्हीला, फोनला वाचता येते. २०१३ मध्ये एच.२६५ आली, तिला एचईव्हीसी असंही म्हणतात. तिचा उद्देश असा, की तोच दर्जा साधारण निम्म्या जागेत मिळावा. २०१८ मध्ये एव्ही१ आली. २०१७ पासून नवे आयफोन एचईव्हीसीत चित्रीकरण करू लागले. म्हणूनच ‘नातवाने पाठवलेला व्हिडिओ आमच्या जुन्या टीव्हीवर लागत नाही’ ही तक्रार येते. टीव्ही बिघडलेला नसतो. त्याला ती लिपी येत नाही, इतकंच.

एका लिपीतलं उघडून दुसऱ्या लिपीत पुन्हा लिहिणं, याचं नाव ट्रान्सकोडिंग. मोडीतला कागद बाळबोधीत उतरवून घ्यावा, तसं. फरक एवढाच की इथे प्रत्येक वेळी उतरवताना थोडं काही गळतं. झेरॉक्सची झेरॉक्स, तिचीही झेरॉक्स काढत गेलं की शेवटी सही वाचता येत नाही, तसाच हा प्रकार. हे वाक्य लक्षात ठेवा, त्याचं काम पुढे पडणार आहे.

आता हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर. इथे बसलेल्यांपैकी निम्म्या घरांतला कुणीतरी चिंचवड, भोसरी, चाकणच्या कारखान्यांत किंवा आपल्या दापोडीच्या एस.टी. कार्यशाळेत राबलेला आहे. त्यांना मी एका वाक्यात सांगतो : सॉफ्टवेअर म्हणजे लेथ, हार्डवेअर म्हणजे एसपीएम. बाकीच्यांसाठी थोडा खुलासा. लेथवर चांगला कारागीर पाहिजे ते काम काढतो. आज शाफ्ट, उद्या बुश. वेळ लागतो, पण तो माप घेत घेत काम करतो. एसपीएम म्हणजे एकाच कामासाठी बांधलेलं यंत्र. जॉब बसवला, बटण दाबलं, दहा भोकं एका दमात पडली. वेगाला तोड नाही, वीज कमी, माणसाचे कष्ट कमी. पण उद्या जॉब बदलला, भोकाची जागा चार मिलिमीटर सरकली, की ते यंत्र तसंच उभं राहतं.

संगणकाचा मुख्य प्रोसेसर म्हणजे लेथ. त्याला सूचना दिल्या की तो कुठलंही काम करतो : पत्र टाइप करतो, हिशेब करतो, व्हिडिओही लिहितो. त्याने व्हिडिओ लिहिला की ते सॉफ्टवेअर ट्रान्सकोडिंग. याशिवाय हल्लीच्या चिपमध्ये एका कोपऱ्यात फक्त व्हिडिओ वाचण्या-लिहिण्यासाठी कोरलेलं वेगळं सर्किट असतं. इंटेलने २०११ मध्ये आपल्या प्रोसेसरमध्ये हे ‘क्विक सिंक’ या नावाने आणलं, २०१२ मध्ये एनव्हिडियाने ग्राफिक्स कार्डात आणलं. आज प्रत्येक मोबाइलमध्ये ते असतं, म्हणून तर तासभर शूटिंग करूनही फोन तापून बंद पडत नाही. त्या सर्किटने काम केलं की ते हार्डवेअर ट्रान्सकोडिंग.

आपल्या ऑफिसातला सर्व्हर म्हणजे इंटेल एन१०० प्रोसेसरचा, जाड पुस्तकाएवढा एक मिनी पीसी. त्यावर जेलीफिन नावाचा विनामूल्य प्रोग्राम आहे. त्यातून आपापल्या टीव्हीवर किंवा फोनवर सोसायटीचे व्हिडिओ बघता येतात. हे यंत्र एच.२६४ आणि एच.२६५ हार्डवेअरने वाचतं आणि लिहितंही. एव्ही१ मात्र हार्डवेअरने फक्त वाचतं. त्या सर्किटात लिहिण्याची सोयच कोरलेली नाही, आणि आता कितीही अपडेट टाकले तरी ती येणार नाही. सॉफ्टवेअरने मात्र याच यंत्रावर एव्ही१ लिहिता येतं, कितीही वेळ लागो. लेथ आणि एसपीएममधला फरक तो हाच.

मग प्रश्न येतो, दर्जात फरक पडतो का? सरसकट ‘हार्डवेअर वाईट’ असं म्हणणं अन्यायाचं होईल. नवी सर्किटं चांगली आहेत. फाइलला भरपूर जागा दिली, तर दिवसाउजेडी घेतलेल्या चित्रात साध्या डोळ्यांना फरक कळत नाही. फरक दिसतो तो जागा कमी दिली की, आणि चित्र अवघड असलं की. अवघड म्हणजे कसं? विसर्जनाची मिरवणूक घ्या. गुलाल उडतोय, ढोल-ताशाच्या पथकाचे भगवे झेंडे फिरतायत, रात्रीची वेळ, दिव्यांची उघडझाप चाललीय. इथे ‘मागची भिंत तीच आहे’ ही सोय नाही. प्रत्येक कण हलतोय. हार्डवेअरचं सर्किट ठरावीक वेळात ठरावीक शोध घेतं आणि पुढे जातं. मग गुलालाच्या जागी चौकोनी डाग दिसतात आणि चेहरे मेणाचे वाटू लागतात. सॉफ्टवेअरला ‘सावकाश’ असं सांगितलं, तर ते त्याच जागेसाठी दहा पर्याय तपासून बघतं.

आपल्या व्हीएचएस तर याहून अवघड. जुन्या फितीवर चित्रासोबत सगळीकडे बारीक मुंग्या असतात. प्रत्येक मुंगी हलते, आणि यंत्राला वाटतं, हीच माहिती महत्त्वाची! त्या मुंग्या लिहिण्यात जागा संपते आणि माणसाच्या चेहऱ्याला उरत नाही. शिवाय आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत चित्र एका वेळी पूर्ण नसायचं. सेकंदाला ५० अर्धी चित्रं, आधी एक आड एक ओळी, मग उरलेल्या. आजच्या टीव्हीसाठी त्या ओळी जुळवाव्या लागतात. घाईने जुळवल्या तर फुगडी खेळणाऱ्या बायकांच्या हातांना कंगव्यासारखे दाते फुटतात. नीट जुळवण्याच्या सॉफ्टवेअर पद्धती आहेत, पण त्यांना वेळ द्यावा लागतो.

जगातल्या मोठ्या कंपन्यांपुढेही हाच प्रश्न होता, आणि त्यांची उत्तरं बघण्यासारखी आहेत. यूट्यूबवर दर मिनिटाला ५०० तासांहून जास्त व्हिडिओ चढतो. त्यातला बराचसा फार थोडे लोक बघणार, पण लिहावा तर सगळाच लागतो. म्हणून गूगलने या कामासाठी स्वतःची चिप बनवून घेतली आणि २०२१ मध्ये ते जाहीर केलं. हे झालं हार्डवेअर. नेटफ्लिक्सचं गणित उलटं. एक चित्रपट एकदा लिहायचा आणि तो कोट्यवधी लोक बघणार. म्हणून ते सॉफ्टवेअरला भरपूर वेळ देतात. २०१५ पासून तर प्रत्येक चित्रपटाचा स्वभाव बघून त्याचं माप वेगळं ठरवू लागले. दोघेही हुशार, दोघांचे निर्णय वेगळे, आणि दोन्ही बरोबर. कारण दोघांनी एकच प्रश्न विचारला : ही प्रत किती काळ आणि किती जणांच्या उपयोगी पडणार आहे?

आपणही तोच प्रश्न विचारायचा. आणि इथे माझा जुना धंदा मदतीला येतो. बँकेत एकाच व्यवहाराची तीन रूपं असायची. पहिलं व्हाउचर, म्हणजे ग्राहकाने सही करून दिलेला मूळ कागद. दुसरं खातेवही, तिच्यात व्हाउचर पाहून काळजीपूर्वक केलेली नोंद. तिसरं, काउंटरवर कुणी विचारलं ‘साहेब, शिल्लक किती?’ तर तोंडी सांगितलेला आकडा. व्हाउचरला कुणी हात लावत नाही. खातेवही सावकाश, तपासून, दोन सह्या घेऊन लिहायची. आणि तोंडी आकडा झटकन सांगायचा, कारण मागे रांग उभी आहे, आणि तो आकडा उद्यापर्यंत कुणी जपून ठेवणार नाही.

आपल्या कॅसेट आणि त्यांची पहिली संगणकीय नक्कल हे व्हाउचर. त्यावरून केलेली, सगळ्या टीव्हींवर चालणारी चांगली फाइल ही खातेवही, ती सॉफ्टवेअरने करायची. आणि कुणी अमेरिकेतून किंवा जर्मनीतून संथ इंटरनेटवर बघायला लागलं, म्हणून त्या क्षणापुरती तयार होणारी आणि बघून झाल्यावर पुसली जाणारी प्रत हा तोंडी आकडा. ती हार्डवेअरने. माझं सगळं भाषण एवढ्यातच आहे : जे साठवायचं ते सावकाश, जे दाखवायचं ते झटपट, आणि मूळ कधीच पुसायचं नाही.

‘पण काका, वेळ आणि वीज किती जाईल?’ रास्त प्रश्न. हिशेब करू. एक तासाची जुनी फीत सावकाश पद्धतीने लिहायला आपल्या मिनी पीसीला दोन-तीन तास लागतात असं धरू. हार्डवेअरने ते काम काही मिनिटांत होतं, हे मान्य. १०० कॅसेट, काहींवर तीन तास भरलेत, काहींवर वीस मिनिटं. सरासरी तास धरा. १०० तासांचं चित्रीकरण, तिप्पट वेळ, म्हणजे ३०० तास. यंत्र रोज रात्री ८ तास चालवलं तर ३८ रात्री. आज सुरू केलं तर सव्वा महिन्यात संपलं. पंचवीस वर्षं थांबलोय, अजून ३८ रात्री थांबायला काय हरकत आहे? आणि वीज? हा मिनी पीसी पूर्ण जोर लावला तरी साधारण २५ वॅट घेतो. ३०० तासांचे साडेसात युनिट. जिन्यातला एक दिवा दिवसा चालू राहिला तर महिनाभरात एवढं जातं, आणि ते आपल्याकडे होतं, हे वॉचमनला विचारा.

आता मूळ ठेवायला जागा किती? मिनी डीव्हीच्या कॅसेटमध्ये चित्र आधीच आकड्यांत असतं. ते जसंच्या तसं उतरवलं तर तासाला १३ जीबी. ४० कॅसेटचे ५२० जीबी. व्हीएचएस काहीही न गाळता उतरवली तर तासाला तीस-पस्तीस जीबी. ६० कॅसेटचे, वरचा आकडा धरला तरी, २१०० जीबी. एकूण २६२० जीबी. म्हणजे आपल्या पंचवीस वर्षांचं मूळ चित्रीकरण ४ टीबीच्या एका हार्ड डिस्कवर मावतं आणि वर जागा उरते. जागेअभावी टाकून द्यावं लागतंय, असं कुणी म्हणत असेल तर त्याला हा आकडा दाखवा.

मूळ का जपायचं, याचं उत्तर आपल्या पुण्यातच आहे. विधी महाविद्यालय रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ मध्ये स्थापन झालेलं. जानेवारी २००३ मध्ये संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातच्या चित्रपटांची मूळ रिळं त्यात गेली. नायट्रेट फिल्म अतिशय ज्वालाग्राही असते. ज्यांच्या सुरक्षित फिल्मवरच्या प्रती आधी काढून ठेवल्या होत्या, ते चित्रपट त्या प्रतींच्या रूपाने उरले. पण पुढे अधिक चांगली यंत्रं आली तेव्हा मूळ रिळावरून पुन्हा उतरवून घेण्याची संधी कायमची गेली होती. यातून दोन गोष्टी शिकायच्या. मूळ जपायचं, आणि त्याची नक्कल दुसऱ्या जागी ठेवायची. आपल्याकडे आगीइतकाच धोका पाण्याचा. पावसाळ्यात पवना आणि मुळशीतून विसर्ग वाढला की दापोडीच्या नदीकाठाला काय होतं, ते आपण दरवर्षी बघतो. आपलं ऑफिस तळमजल्यावर. म्हणून दुसरी डिस्क वरच्या मजल्यावर, आणि जमलं तर तिसरी गावाबाहेरच्या एखाद्या सभासदाकडे. कॅसेटही दमट कपाटातून काढून हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून. फितीला बुरशी लागली की ती पुढची व्हीसीआरही खराब करते.

झटपट छोट्या फाइली करून मूळ टाकलं तर काय होईल, ते मघाच्या झेरॉक्सच्या वाक्यात आहे. दहा वर्षांनी नवी लिपी येईल, टीव्ही मोठे होतील. तेव्हा आपली नातवंडं त्या छोट्या फाइलीवरून पुन्हा प्रत काढतील, म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. मूळ असेल तर ती मुळावरून काढतील, आणि तेव्हाच्या यंत्रांनी ती आपल्यापेक्षा चांगली निघेल.

आता हार्डवेअरची बाजूही पूर्ण मांडतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, काका एकांगी बोलले. गणपतीत समजा चार घरांत एकाच वेळी मोबाइलवरचे फोर-के व्हिडिओ बघितले जातायत, आणि चारही टीव्हींना ती लिपी येत नाही. सॉफ्टवेअरने हे करायला गेलो तर आपल्या छोट्या प्रोसेसरला एकाचंही काम वेळेत होणार नाही. पडद्यावर तो गोल फिरत राहील आणि मला फोन येतील. हार्डवेअर हे काम फारसा आवाज न करता, फारसं न तापता करतं. आजारपणामुळे खाली येऊ न शकणाऱ्या आपल्या ज्येष्ठांना आरती घरच्या टीव्हीवर थेट दाखवायची, तर तिथेही हार्डवेअरच. आरती चालू असताना ‘थांबा, सावकाश लिहितोय’ असं म्हणता येत नाही.

मात्र एक खबरदारी. जेलीफिनमध्ये हार्डवेअरची सोय आपोआप चालू नसते. डॅशबोर्डमध्ये प्लेबॅकच्या पानावर ट्रान्सकोडिंगखाली ‘इंटेल क्विक सिंक’ निवडावं लागतं. ते राहून गेलं तर प्रोग्राम तक्रार न करता सॉफ्टवेअरने काम करत बसतो, आणि लोक म्हणतात, यंत्रात दम नाही. आपल्या सर्व्हरवर ती निवड केलेली आहे. पुढे यंत्र बदललं, तर जो कुणी जबाबदार असेल त्याने ही एक गोष्ट आधी तपासावी. दुसऱ्या एका लोकप्रिय प्रोग्राममध्ये, प्लेक्समध्ये, याच सोयीसाठी पैसे भरून सभासद व्हावं लागतं, हेही माहीत असू द्या.

आणि सगळ्यात उत्तम ट्रान्सकोडिंग कुठलं? जे करावंच लागत नाही ते! आपली खातेवहीची प्रत एच.२६४ मध्ये, साध्या एमपी४ फाइलीत केली, की ती जवळपास प्रत्येक टीव्हीला थेट वाचता येते. मग सर्व्हरने नुसती फाइल द्यायची, लिहायचं काहीच नाही. चारच काय, दहा घरांनी बघितली तरी यंत्राला ओझं नाही. सॉफ्टवेअरने एकदा केलेल्या कष्टाचं हे व्याज आहे, दर वेळी मिळणारं. ज्यांना प्रत्यक्ष काम करायचं आहे त्यांच्यासाठी सांगतो : एक्स२६४ नावाचा एन्कोडर, वेग ‘स्लो’, आणि दर्जाचा सीआरएफ आकडा १८. हा आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. पोरांनी हे लिहून घेतलेलं दिसतंय, शाबास.

आता सभासदांकडे माझी चार मागणी-पत्रं आहेत, त्यावर मुद्रांक लागत नाही.

पहिलं. घरोघरी माळ्यावर, दिवाणात जुन्या कॅसेट आहेत. त्या आणून द्या. सोसायटीच्या कार्यक्रमांचा भाग उतरवून कॅसेट तुम्हाला परत मिळतील. घाई यासाठी, की जगात व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी म्हणून ओळखली जाणारी जपानची फुनाई, तिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन बंद केलं. आता आहेत ती जुनीच यंत्रं, आणि त्यांचे हेड झिजत चाललेत. कॅसेट शाबूत आहे पण लावायला यंत्र नाही, अशी वेळ दूर नाही. आपल्याकडे चालू स्थितीतली एक व्हीसीआर आहे. कुणाकडे दुसरी असेल तर ती भंगारवाल्याला देऊ नका, मला द्या.

दुसरं. मोबाइलवरचे कार्यक्रमाचे व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखे पाठवू नका. व्हॉट्सअॅप ते आधीच दाबून लहान करतं. पाठवायचेच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर पेन ड्राइव्ह घेऊन ऑफिसात या. व्हाउचर मूळ हवं, झेरॉक्स चालणार नाही.

तिसरं. सर्व्हरवर फक्त आपलंच चित्रीकरण राहील. नवे सिनेमे कुठून तरी उतरवून त्यावर टाकायचे नाहीत. आणि पासवर्ड सभासदांपुरताच. त्यात आपल्या लेकीबाळींचे, लहान मुलांचे व्हिडिओ आहेत. ज्यांना आपला एखादा भाग ठेवायला नको असेल त्यांनी सचिवांना सांगावं. तो भाग दाखवण्याच्या यादीतून काढला जाईल.

चौथं, आणि माझ्या लेखी सगळ्यात मोठं. हार्डवेअर असो की सॉफ्टवेअर, चित्रातला ठिपका कुठे सरकला हे त्याला कळतं. फुगडी घालणारी ती हिरव्या साडीतली बाई कोण, हे कळत नाही. पहिल्या गणपतीत मूर्ती खांद्यावर घेऊन आलेले सहा जण कोण, त्यातले आज कोण आहेत, कोण नाहीत, हे आम्हा सत्तरी ओलांडलेल्यांना माहीत आहे. आणखी दहा वर्षांनी ते सांगायला आमच्यातले किती असतील? म्हणून दर रविवारी सकाळी १० वाजता या सभागृहात दोन कॅसेट लावू. ज्येष्ठांनी चेहरे ओळखायचे, मुलांनी वहीत लिहून घ्यायचं : साल, कार्यक्रम, नाव, फ्लॅट नंबर. ही वही फाइलीइतकीच मोलाची. नावाशिवायचं चित्र म्हणजे खातेदाराचं नाव नसलेलं खातं. शिल्लक दिसते, पण ती कुणाची ते सांगता येत नाही.

सभेत माझा ठराव साधा असेल. कॅसेट टाकू नयेत. ४ टीबीच्या दोन डिस्क घ्याव्यात, एक ऑफिसात आणि एक वरच्या मजल्यावर. साठवायच्या प्रती रात्री सॉफ्टवेअरने कराव्यात, दाखवायचं काम हार्डवेअरवर सोपवावं. आणि रविवारच्या वहीसाठी दोन तरुण आणि दोन ज्येष्ठ अशी चार जणांची समिती नेमावी. ज्यांना कपाट मोकळं हवंय, त्यांचंही कपाट मोकळं होईल. कॅसेट हवाबंद डब्यांत गच्चीखालच्या कोरड्या खोलीत जातील.

सुवर्णमहोत्सवाला, म्हणजे आणखी पंचवीस वर्षांनी, या खुर्च्यांवर आजची मागची रांग बसलेली असेल. तेव्हाचे टीव्ही कसे असतील, कुठली लिपी असेल, मला सांगता येणार नाही. पण मूळ त्यांच्या हाती असेल तर ते आपल्या पहिल्या अध्यक्षांचं भाषण त्या लिपीत स्वतः उतरवून घेतील. ते त्यांच्या हाती ठेवायचं की नाही, एवढंच आपल्याला सभेत ठरवायचं आहे.

 शंका असतील तर चहाच्या टेबलाजवळ विचारा, मी तिथेच आहे.